दोन वेडं, एक गाडी

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा रस्ता इनव्हर्नेसच्या किल्ल्यापाशी सुरू होतो आणि फिरून तिथंच येतो. लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. रस्ते जुनेच, वाटेतली गावंही जुनीच. २०१५ मध्ये त्यांना एका माळेत ओवून हे नाव दिलं गेलं आणि जगभरातल्या प्रवाशांच्या गाड्या तिकडे वळल्या. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे अख्खं वर्तुळ काढलेलं होतं. त्यावर लाल शाईने खुणा: इथे पफिन पक्षी, इथे समुद्री गरुड, इथे डॉल्फिन.

ताईच्या वहीत नकाशा नव्हताच. चार नावं होती. बॅन्फ, फोर्ट जॉर्ज, कलोडन, लँगहोम. यातलं एकही माझ्या वर्तुळावर येत नव्हतं.

ताई साताऱ्यात चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाली. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. पुण्यात बँकेत नोकरी, आणि रविवार मोकळा मिळाला की दुर्बीण गळ्यात अडकवून भिगवण, नाहीतर मायणी. दोघींनी मिळून एकदा परदेशात जायचं, गाडी मी चालवायची, एवढं ठरलेलं होतं. ब्रिटन निवडण्याचं कारण सरळ होतं. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, आणि तिथे गेल्यापासून बारा महिने भारतीय परवाना चालतो. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घेतला होता, कारण काही भाडेकंपन्या तो मागतात. पण देश ठरला म्हणजे प्रवास ठरला असं होत नाही, हे चार नावांची ती वही समोर आली तेव्हा कळलं.

बॅन्फ कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. साताऱ्याच्या माणसाला ग्रँट डफ माहीत असतो. ईशान्य किनाऱ्यावर डेव्हरन नदीच्या मुखाशी असलेल्या या छोट्या गावात ८ जुलै १७८९ रोजी तो जन्मला. तेव्हा तो नुसता जेम्स ग्रँट. अगदी पोरवयात ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात भरती होऊन तो मुंबईला आला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला साताऱ्याला नेमलं, आणि १८२२ पर्यंत प्रतापसिंह महाराजांच्या गादीचा कारभार त्याच्या देखरेखीखाली चालला. मायदेशी गेल्यावर आईच्या माहेरची ईडनची जहागीर त्याच्याकडे आली, तिच्याबरोबर डफ हे नाव आलं. १८२६ मध्ये त्याने तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. आपल्याकडे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्या ग्रंथावर टीका लिहिली. साहेबाच्या पुस्तकातला इतिहास कागदपत्रं काढून तपासायचा असतो, ही जाण मराठीत रुजली त्यात कीर्तन्यांचा वाटा मोठा.

“ज्याच्याशी वर्गात चौतीस वर्षं भांडले, त्याचं गाव एकदा बघायचंय मला,” ताई म्हणाली. याला उत्तर नव्हतं आणि मला द्यायचंही नव्हतं.

पहिला आराखडा आम्ही अगदी समजूतदारपणे केला: रोज सकाळी पक्षी, दुपारी इतिहास. कागदावर तो फार छान दिसत होता. गाडीच्या प्रवासात मात्र असला आराखडा टिकत नाही, कारण तिथे वाटणी वेळेची करून भागत नाही, अंतराचीही करावी लागते. पक्षी पश्चिमेच्या कड्यांवर, इतिहास पूर्वेच्या किनाऱ्यावर, आणि मध्ये डोंगर. रोज अर्धा-अर्धा दिवस करायचा तर रोज चार-पाच तास गाडीतच गेले असते. दोन आठवडे रोज रात्री फोनवर खोडाखोड केल्यावर ताईनेच तोडगा काढला. दिवस फोडायचे नाहीत, अख्खे वाटून घ्यायचे. अकरा दिवसांपैकी चार माझे, चार तिचे, तीन जाण्यायेण्याचे आणि विश्रांतीचे. जिचा दिवस असेल तिच्या मनाप्रमाणे सगळं. दुसरीने घड्याळाकडे बघायचं नाही. ८३० किलोमीटरचं वर्तुळ मी सोडलं आणि पश्चिमेचा तुकडा ठेवला. स्कायचं बेटही सोडलं. ताईने लँगहोम सोडलं, कारण ते पार दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत आहे. सोडलेल्या जागांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर नीट लिहून ठेवली. कुणा एकीलाच सगळं सोडावं लागलेलं नाही, हे त्या पानावर उघड दिसत होतं, आणि त्याचा आम्हा दोघींना फार उपयोग झाला.

महिना मे ठेवला. जून उजाडला की पश्चिमेला मिज नावाची बारीक चिलटं उठतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती माणसाला बाहेर उभं राहू देत नाहीत. मेमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी, पफिन कड्यांवर आलेले, आणि उजेड भरपूर. महिनाअखेरीस इनव्हर्नेसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. नव्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या माणसाला या उजेडाचा आधार केवढा असतो, ते तिथे गेल्यावर समजलं.

गाडी एडिनबराला घ्यायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर अनोळखी शहरात स्टिअरिंग हातात घेणं धोक्याचं आहे. आम्ही आगगाडीने साडेतीन तासांत इनव्हर्नेसला गेलो, रात्रभर झोपलो आणि सकाळी गाडी घेतली. तिथे मात्र एक अडचण आली. भाड्याचे पैसे ताईच्या कार्डावरून भरलेले होते. खिडकीवरच्या माणसाला अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं होतं, डेबिट कार्ड चालणार नव्हतं. माझ्या पाकिटात एक जुनं क्रेडिट कार्ड निघालं म्हणून निभावलं. दुसरी गोष्ट तिसऱ्या दिवशी कळली. एका दगडी कडेला घासून डाव्या टायरची बाजू फाटली, आणि टायर व काचा विम्यात धरलेल्या नव्हत्या. कागदावर तसं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. जाणाऱ्यांनी ही दोन वाक्यं गाडी ठरवतानाच शोधून वाचावीत. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर ती महिनोन्‌महिने आधी सांगून ठेवावी लागते, आणि ती महाग पडते. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. वेग मैलात लिहिलेला असतो, आणि चौकातल्या गोलात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. दारू पिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडहून कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ८० नव्हे, ५० मिलिग्रॅम.

वायव्येकडचे बरेच रस्ते एकपदरी आहेत. आपल्याकडे एकपदरी म्हणजे दोन गाड्या कशाबशा बाजूने जातात, एखादं चाक मातीत उतरवून. तिथे तसं चालत नाही. डांबराच्या कडेला गवताखाली ओल असते, चाक रुततं. म्हणून ठरावीक अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो आणि तिथे पाटी असते: ‘पासिंग प्लेस’. समोरून गाडी दिसली की जो त्या फुगवट्याजवळ असेल त्याने थांबायचं. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर रस्त्यावरच उभं राहायचं. मागून कुणी घाईत येत असेल तर त्यालाही तिथेच वाट द्यायची. तिथे गाडी उभी करून फोटो काढत बसणं हा स्थानिक लोकांच्या दृष्टीने मोठा अपराध आहे, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्याच रस्त्याने त्यांची शाळेची बस जाते, डॉक्टर जातो. चढावर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावं, हा त्यांच्या वाहतूक नियमांतला सल्ला वाचून ताई म्हणाली, “हा तर आपला पसरणी घाट झाला.”

खरी परीक्षा ॲपलक्रॉसच्या खिंडीत होती. गेलिक भाषेत तिचं नाव ‘ब्यालख ना बा’, म्हणजे गुरांची खिंड. पलीकडच्या गावातली जनावरं या वाटेने बाजाराला हाकत नेत, त्यावरून हे नाव. समुद्राच्या काठावरून निघालेला रस्ता ६२६ मीटर उंचीवर चढतो आणि माथ्याजवळ एकामागून एक आवळलेली वळणं लागतात. पायथ्याला मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठ्या गाड्या आणि कॅरव्हॅन यांनी हा रस्ता घेऊ नये. मी आंबेनळी घाटातून पोलादपूरला अनेकदा उतरले आहे, त्यामुळे वळणांची भीती नव्हती. भीती होती रिव्हर्सची. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे वरून एक मेंढपाळाची पिकअप गाडी उतरत आली, मागे कुत्रा बसलेला. फुगवटा माझ्या मागे चाळीस पावलांवर होता, त्याच्या मागे दोनशे पावलांवर. चढणारी मी होते, पण जवळचा फुगवटा माझा होता. ताई काही न बोलता खाली उतरली, मागे चालत गेली आणि डाव्या कठड्यापाशी उभी राहून हाताने खुणा करू लागली, अगदी एसटीचा कंडक्टर करतो तशा. मी इंचाइंचाने मागे आले. पिकअपवाला जाताना थांबला, काच खाली करून ताईला “वेल डन” म्हणाला आणि स्टिअरिंगवरून एक बोट उचलून निघून गेला. तिथे आभार मानायची हीच रीत आहे. पुढचे सगळे दिवस ताई प्रत्येक गाडीला न चुकता हात करत होती.

टॉरिडनचा दिवस मात्र साधला नाही. तो माझा दिवस होता. सकाळपासून धुकं आणि पाऊस, डोंगर ढगात, गरुडाचा पत्ता नाही. मी चार तास रेनकोट घालून सरोवराकाठी उभी राहिले आणि ताई गाडीत थर्मास घेऊन बसली. ठरल्याप्रमाणे तिने घड्याळ पाहिलं नाही, पण तिची कंबर दुखत होती, आणि ते तिने मला रात्री सांगितलं. तेव्हापासून नियमात एक भर घातली: ज्या गावात मुक्काम असेल तिथे दुसरीला पायी जाता येईल असं काहीतरी असलंच पाहिजे. गाडी एकच असते आणि चालवणारी एकच, त्यामुळे न चालवणारा माणूस नकळत अडकून पडतो. आराखडा करताना मी हे आधीच ओळखायला हवं होतं.

जेवणाचा प्रश्न मी समजत होते त्याहून सोपा निघाला. ताई शाकाहारी, मला मासे हवेत. खेड्यांतली हॉटेलं रात्री आठ-साडेआठला स्वयंपाकघर बंद करतात, हे एकदा ध्यानात घेतलं की झालं. कडधान्यं आणि ओट घालून केलेला शाकाहारी हॅगिस आता सर्रास मिळतो आणि तो ताईला आवडला. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र घरीच ठेवावे लागले. भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे.

स्कौरीजवळच्या टार्बेट धक्क्यावरून हांडा बेटावर छोटी होडी जाते. ती रविवारी बंद असते, म्हणून आमच्या अख्ख्या आराखड्याचे वार या होडीवर बेतलेले होते. बेटाच्या पलीकडच्या अंगाला लालसर वालुकाश्माचे कडे सरळ समुद्रात उतरतात आणि त्यांच्या प्रत्येक फळीवर गिलमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात. वास येतो, आवाज येतो, आणि मग पुढे झुकल्यावर ते दृश्य दिसतं. मला तिथून हलवत नव्हतं. परतताना ताई वाटेतल्या पडक्या घरांपाशी थांबली. आता या बेटावर कायम वस्तीला कुणी नाही, पण १८४० च्या दशकापर्यंत इथे साठ-पासष्ट माणसं होती. त्यांची स्वतःची पंचायत होती, रोजची कामं ती ठरवायची, आणि बेटावरच्या सर्वांत वयस्क विधवेला राणीचा मान असे. बटाट्यावरच्या रोगाने पिकं गेली आणि सगळे जण अटलांटिकपलीकडे निघून गेले. ताई त्या दगडी चौथऱ्यांत बराच वेळ फिरली. शेवटची होडी सुटायला दहा मिनिटं होती तेव्हा मीच तिला हाक मारली.

नंतर आम्ही इनव्हर्नेसला परतलो आणि ताईचे दिवस सुरू झाले. कलोडनच्या माळावर १६ एप्रिल १७४६ रोजी राजसत्तेविरुद्धच्या जॅकोबाइट बंडाचा शेवट झाला, तोही तासाभरात. सुमारे दीड हजार बंडखोर तिथे पडले. त्या बंडाच्या धसक्याने ब्रिटिश राजवटीने मोरे फर्थ या खाडीच्या चिंचोळ्या जागी फोर्ट जॉर्ज हा प्रचंड किल्ला बांधला. तो १७६९ मध्ये पुरा झाला. पुन्हा बंड झालंच नाही, त्यामुळे त्याच्यावर हल्ला असा कधी आला नाही. तिथे अजूनही लष्कराचा तळ आहे आणि हायलँड पलटणींचं संग्रहालय आहे. ताईला जायचं होतं ते या संग्रहालयात, असईच्या लढाईची खूण बघायला.

२३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्याच्याकडे दोन हायलँड पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. मराठ्यांच्या तोफांपुढे ७४व्या पलटणीची अक्षरशः चाळण झाली. या लढाईबद्दल ‘असई’ या शब्दासह हत्तीचं चिन्ह दोन्ही पलटणींना मानाचं म्हणून मिळालं. ७८वी पुढे सीफोर्थ हायलँडर्समध्ये विलीन झाली, सीफोर्थ १९६१ मध्ये क्वीन्स ओन हायलँडर्समध्ये. हत्ती मात्र गणवेशाच्या कॉलरवर कायम राहिला.

फोर्ट जॉर्जच्या बरोबर समोर, खाडीपलीकडे, चॅनोनरी पॉइंट आहे. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावर उभं राहून डॉल्फिन बघायला याच्याइतकी चांगली जागा क्वचितच असेल. मोरे फर्थमधले बॉटलनोज डॉल्फिन जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या कायम वस्तीतले. भरती चढू लागली की सामन मासे या अरुंद तोंडातून आत येतात आणि त्यांच्यामागे डॉल्फिन. दोन टोकांमध्ये पाणी जेमतेम दीड किलोमीटर. केसॉक पुलावरून रस्त्याने जायचं तर चाळीसएक किलोमीटर. दिवस ताईचा होता, पण भरती सकाळी अकराला चढू लागणार होती. तीच म्हणाली, “मला किल्ल्यात सोड आणि तू जा. मला तीन तास कुणी नको आहे.”

मी खड्यांच्या किनाऱ्यावर दीड तास उभी होते. पाणी चढत होतं, बाकी काही नाही. मग फोन वाजला. “अगं, मी तटावर आहे. इकडे आलेत बघ, दोन आहेत. पाठी दिसतायत. तुझ्याकडेच निघालेत.” मी दुर्बीण वळवली. पलीकडच्या तटावर तांबड्या स्वेटरचा एक ठिपका होता, आणि त्याच्या नि माझ्या मधल्या पाण्यात दोन काळे पंख वर आले. ते माझ्यापासून वीस-पंचवीस मीटरवर आले तेव्हा त्यांच्या श्वासाचा फुस्स आवाज ऐकू आला. फोन चालूच होता. ताईने विचारलं, “आले का?” मला बोलता येईना.

संध्याकाळी तिने मला मोबाइलवर फोटो दाखवला: अंगठ्याच्या पेराएवढा धातूचा हत्ती, सोंड खाली, पाठीवर काही नाही. जालन्यातला हत्ती, इनव्हर्नेसच्या काचेखाली. तिने तो फोटो मोठा करून करून पाहिला आणि शेवटी म्हणाली, “त्यांनी त्यांच्याकडून जपलाय. आपल्याकडे असईला किती जण जातात?”

बॅन्फ इनव्हर्नेसहून दोन तासांवर. गावात ग्रँट डफच्या खुणा शोधत फिरायचं म्हटलं तर हाती फारसं लागत नाही. ईडनचा वाडा खासगी मालकीचा, त्यामुळे रस्त्यावरूनच माघारी वळलो. ताई डेव्हरनच्या पुलावर उभी राहिली आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिकडे बघत राहिली. इथून सोळा वर्षांचा मुलगा निघाला आणि अजिंक्यताऱ्याखाली जाऊन आमच्या राजाचे कागद वाचत बसला, एवढंच ती म्हणाली. ग्रँट डफने आपल्या मुलाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं होतं. तो मुलगा १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

बॅन्फपासून थोड्याच अंतरावर पूर्वेला ट्रूप हेड नावाचा कडा आहे. स्कॉटलंडमध्ये गॅनेट सहसा बेटांवर घरटी करतात. मुख्य भूमीवरची त्यांची एकमेव वसाहत इथे. माझ्या मूळ वर्तुळावर ही जागा नव्हतीच, ताईच्या बॅन्फमुळे ती वाटेत आली. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हजारो गॅनेट मेले. बास रॉक बेटावरच्या अभ्यासात आढळलं की साथीतून वाचलेल्या काही पक्ष्यांच्या फिकट निळ्या डोळ्यांत काळेपणा उतरला आहे. हे मी ताईला सांगितलं. तेव्हापासून ती दुर्बिणीतून एकेका पक्ष्याचे डोळे तपासत राहिली, वाऱ्यात, पाऊण तास. दुर्बीण तिने मला परत दिली नाही आणि मी मागितली नाही.

लँगहोम राहिलं. इनव्हर्नेसहून ते पाच तास दक्षिणेला आहे. मुंबईचा गव्हर्नर आणि महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा जॉन माल्कम १७६९ मध्ये त्या गावाजवळ जन्मला. व्हायटा टेकडीवर १८३५ मध्ये त्याच्या स्मरणार्थ उभारलेला शंभर फुटी दगडी मनोरा आहे. ताईने नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते नाव लिहिलं आहे आणि मी त्याखाली लाल शाईने खूण केली आहे. टेकडीच्या पलीकडचं माळरान लँगहोमच्या लोकांनी वर्गणी गोळा करून २०२१ आणि २०२२ मध्ये दोन टप्प्यांत तिथल्या उमरावाच्या संस्थानाकडून विकत घेतलं. आता ते टॅरस व्हॅली निसर्ग राखीव क्षेत्र आहे, दहा हजार एकरांहून मोठं. आपल्या माळांवर हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांचे भाऊबंद, हेन हॅरियर, तिथल्या झुडपांत घरटी करतात.